सागाच्या रानातून खाडीच्या रानात
(मुलांना रानात नेणाऱ्यांसाठी एक अभ्यासपाठ)



गेल्या हिवाळ्यात आपल्या धर्मग्रामातील ३२ मुलामुलींना घेऊन आम्ही दोन सहली केल्या. पहिली आपल्याच जिल्ह्यातील टिपेश्वरच्या रानात, एका दिवसाची. दुसरी ऐरोलीच्या खाडीकाठच्या कांदळवनात, जाऊन-येऊन चार दिवसांची. सोबत दोन सिस्टर, दोन आया आणि एक शिक्षक होते. परतल्यावर पुष्कळ पालकांनी विचारले, "फादर, एवढ्या लांब नेऊन मुलं काय शिकली?" प्रश्न रास्त आहे. वर्गणी तुम्ही दिली होती आणि मुलेही तुमचीच होती. म्हणून या रविवारी थोडे सविस्तर लिहीत आहोत. उद्या आपल्यापैकी कोणी शिक्षक, युवा किंवा पालक मुलांना असे घेऊन निघाले, तर त्यांनाही याचा उपयोग व्हावा.

१. आधी घरचे रान

समुद्र पाहण्यासाठी मुले उतावीळ होती. तरीही आम्ही आधी टिपेश्वरला जायचे ठरवले. ज्याने आपल्या घरचे रान नीट पाहिले नाही, त्याला परक्या रानातले वेगळेपण कसे कळणार? तुलना करायची तर एक बाजू ओळखीची असावी लागते.

टिपेश्वर अभयारण्य आपल्या पांढरकवडा आणि घाटंजी तालुक्यांत आहे. १९९७ साली ते अभयारण्य म्हणून जाहीर झाले. क्षेत्रफळ सुमारे १४८ चौरस किलोमीटर. रान मुख्यतः सागाचे, म्हणजे कोरड्या प्रदेशातले पानझडी रान. नागपूर-हैदराबाद महामार्गापासून ते दूर नाही, तरीही आमच्या ३२ मुलांपैकी फक्त चौघांनी ते पूर्वी पाहिले होते.

गाडीत बसल्यापासून एकच प्रश्न होता, "फादर, वाघ दिसन का?" वाघ दिसला नाही. नीलगाय दिसली, चितळांचा कळप दिसला आणि ओल्या मातीत वाघाच्या पंजाचा ठसा दिसला. वाटाड्याने गाडी थांबवून तो दाखवला. मुले थोडी हिरमुसली. मग आम्ही त्यांना सागाकडे पाहायला सांगितले. साग ज्याच्या धुऱ्यावर नाही असा शेतकरी आपल्याकडे विरळा, पण हे झाड उन्हाळ्यात उघडे का पडते, हा प्रश्न त्यांपैकी कोणाच्या मनात आला नव्हता. सागाचे पान मोठे असते. त्यातून पाण्याची वाफ सतत हवेत जाते. जमिनीत ओल असते तोवर हा खर्च परवडतो. ओल सरली की झाड पानेच गाळून टाकते आणि खर्च थांबवते. पावसाळा आला की पुन्हा पालवी फुटते. आपल्याला उघडे झाड वाळल्यासारखे वाटते, पण ते वाळलेले नसते. ते काटकसर करत असते.

ही गोष्ट मुलांना लगेच पटली. घरात पैसा नसतो तेव्हा खर्च कसा आवरतात, हे शेतकऱ्याच्या मुलाला सांगावे लागत नाही.

२. एका मुलीचा प्रश्न

परतीच्या वाटेवर आम्ही वाघाविषयी बोललो. टिपेश्वरच्या एका तरुण वाघाची गोष्ट सांगितली. २०१९ च्या फेब्रुवारीत त्याच्या गळ्यात रेडिओ कॉलर बसवली होती. त्यानंतर तो हे रान सोडून निघाला. शेते, रस्ते, नद्या ओलांडत, तेलंगणातील आदिलाबादच्या बाजूने हिंडत, शेवटी बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. नऊ महिन्यांत तो ३,००० किलोमीटरहून अधिक चालला. त्याला स्वतःचे रान हवे होते आणि जोडीदार हवी होती. मुले कान देऊन ऐकत होती. शेवटी आम्ही म्हणालो, "म्हणून वाघ वाचवला पाहिजे."

मागच्या बाकावरून सातवीतील एक मुलगी म्हणाली, "फादर, बरं झालं वाघ नाही दिसला. आमच्या मामाचा गोऱ्हा खाल्ला वाघानं. तुम्ही म्हणता वाघ वाचवा. मंग आमचं काय?"

गाडी गप्प झाली. आम्ही पाठ्यपुस्तकातले उत्तर दिले. वाघ असला की हरणे आटोक्यात राहतात, हरणे आटोक्यात राहिली की रान टिकते, रान टिकले की पाणी टिकते, वगैरे. उत्तर खोटे नव्हते. पण ते तिच्या प्रश्नाचे उत्तर नव्हते. ती "हो फादर" म्हणाली आणि खिडकीबाहेर पाहू लागली. मुले असे "हो" म्हणतात तेव्हा आपला पाठ संपलेला नसतो, फसलेला असतो, हे आम्हाला उशिरा कळले.

आपल्या भागात हा प्रश्न पुस्तकी नाही. पांढरकवडा आणि राळेगाव परिसरातील १३ जणांच्या मृत्यूशी जिचे नाव जोडले गेले, ती वाघीण २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री मारली गेली. देशभर त्यावर वाद झाला. एका बाजूला वाघिणीसाठी हळहळणारे होते, दुसऱ्या बाजूला दोन वर्षे जीव मुठीत धरून वावरात जाणारे आपले लोक होते. त्या काळात गावांतून काय भीती होती, हे आपल्यापैकी कित्येकांना आठवत असेल. अशा गावातील मुलीला वाघाचे कौतुक एकतर्फी ऐकवणे अन्यायाचे होते.

३. जिथे झाडे खारट पाण्यात उभी असतात

दुसऱ्या सहलीसाठी धामणगावहून रात्रीची रेल्वेगाडी पकडली. सकाळी ठाणे, तेथून लोकलने ऐरोली. तेथे राज्याच्या वनविभागाच्या कांदळवन कक्षाचे किनारी व सागरी जैवविविधता केंद्र आहे. ते २०१७ साली सुरू झाले. समोर ठाण्याची खाडी. या खाडीचा सुमारे १,६९० हेक्टरचा भाग २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर झाला आणि २०२२ साली त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला.

मुलांना पहिला धक्का वेळापत्रकाने दिला. बोट केव्हा सुटणार, हे आपल्या सोयीने ठरत नाही, भरतीने ठरते. भरती साधारणपणे दिवसातून दोनदा येते आणि रोज सुमारे ५० मिनिटे उशिरा येते, कारण चंद्रही रोज तेवढाच उशिरा उगवतो. पाणी पुरेसे चढल्याशिवाय बोट निघत नाही. आमच्या मुलांना विहिरीचे पाणी वर्षाने चढते-उतरते हे ठाऊक होते. सहा तासांत एवढे पाणी येते आणि जाते, हे त्यांनी प्रथमच पाहिले.

दुसरा धक्का चिखलाने दिला. फळ्यांच्या पुलावरून आम्ही कांदळवनात शिरलो. या खाडीत तिवराची झाडे सर्वात अधिक. झाडाभोवती चिखलातून शेकडो बारीक खुंट्या वर आलेल्या होत्या. एका मुलाला वाटले, कोणी पेन्सिली रोवल्या आहेत. ती तिवराची मुळे! चिखलात हवा जवळजवळ नसते आणि मुळांना तर श्वास हवा. म्हणून हे झाड आपली मुळे उलटी वर पाठवते आणि ओहोटीच्या वेळी त्यांतून हवा घेते.

मग वाटाड्याने तिवराचे एक पान न तोडता वळवून दाखवले. पानावर मिठाचे बारीक कण होते. मुळे बरेचसे मीठ बाहेरच अडवतात, आणि जे आत येते ते तिवर पानांवाटे बाहेर टाकते. बोट जिभेला लावू नका, असे सिस्टरांनी तीन वेळा सांगितले. तरी निम्म्या मुलांनी लावलेच, आणि "खारट आहे!" अशी आरोळी उठली. हा धडा त्यांना आता परीक्षेसाठी पाठ करावा लागणार नाही.

कांदळ नावाच्या झाडाची रीत आणखी वेगळी. त्याचे बी झाडावरच रुजते. हिरव्या शेंगेसारखा लांब अंकुर झाडाला लोंबत वाढतो, आणि तयार झाला की खाली पडून चिखलात रोवला जातो किंवा पाण्याबरोबर दुसरीकडे जाऊन रुजतो. खारट पाण्यात कोवळे बी टिकणार नाही, म्हणून आई लेकराला हाताशी ठेवून वाढवते, असे एक मुलगी म्हणाली. वाटाड्याला हे वाक्य इतके आवडले, की पुढच्या तुकडीला तो हेच सांगणार होता.

बोटीतून फ्लेमिंगोही दिसले. मराठीत त्यांना रोहित किंवा अग्निपंख म्हणतात. हिवाळ्यात ते येथे येतात, त्यांतले बरेच गुजरातमधून. त्यांचा गुलाबी रंग जन्माचा नसतो. खाडीतील सूक्ष्म शेवाळ आणि बारीक जीव खाऊन तो पिसांत उतरतो. पिल्लू राखाडी असते. जे खातो त्याने तो रंगतो.

४. मुलीचा प्रश्न पुन्हा

बोटीवरचा माणूस खाडीकाठच्या कोळी कुटुंबातला होता. आमच्या सातवीतल्या मुलीने त्याला विचारले, "काका, या रानात वाघ नाही. मंग हे रान तुमचं काही खात नाही ना?"

तो हसला. म्हणाला, रान काही खात नाही, उलट तेच खाऊ घालते. मासळीची, कोळंबीची, खेकड्यांची पिल्ले या मुळांच्या जाळीत वाढतात. मोठे मासे तेथे शिरू शकत नाहीत, म्हणून पिल्ले वाचतात. त्याच्या आजोबांच्या वेळी खाडीत भरपूर मासळी होती. मग भराव पडले, तिवरे तुटली, सांडपाणी आले. मासळी गेली आणि पुष्कळांचा धंदाही गेला. शेवटी तो म्हणाला, "रान तोडणारे वेगळे होते. पोट आमचं गेलं."

मुलगी बराच वेळ काही बोलली नाही. रात्री मुक्कामी तिने आम्हाला सांगितले, "फादर, दोन्हीकडं सारखंच आहे. रान राहिलं तरी गरिबाचंच जाते आणि तुटलं तरी गरिबाचंच जाते."

आम्ही आयुष्यात बरीच प्रवचने दिली. या वाक्यापुढे काय बोलावे ते सुचले नाही. पण आता कळले, की टिपेश्वरहून येताना आम्ही काय सांगायला हवे होते. वाघ वाचवायचा हे खरे, पण त्याची किंमत एकट्या मामाने देऊ नये. ज्या रानाचा लाभ साऱ्यांना मिळतो, त्याचा भारही साऱ्यांनी वाटून घ्यावा. जनावर मारले गेले की शासन नुकसानभरपाई देते. त्यासाठी लगेच वनविभागाला कळवावे लागते, जनावर जागेवरून हलवू नये लागते, पंचनामा करून घ्यावा लागतो. कागद अपुरे राहिले की पैसे अडकतात. मामाचे कागद कोठे अडकले, हे पाहायला परतल्यावर आम्ही त्यांच्याबरोबर गेलो. काम अजून चालू आहे. पण पाठ पूर्ण करायचा तर हेही त्यातच येते.

५. आपले पाणी कोठे जाते?

खाडीवर एका मुलाने विचारले, "आपल्या गावचं पाणी इथंच येते का?" नाही. आपल्या जिल्ह्याचे पाणी वर्धा आणि पैनगंगा या नद्यांत जाते. पैनगंगा वर्धेला मिळते, वर्धा आणि वैनगंगा मिळून प्राणहिता होते, प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरीला मिळते आणि गोदावरी आंध्र प्रदेशात बंगालच्या उपसागराला. ऐरोलीची खाडी अरबी समुद्राची. म्हणजे आपण पश्चिमेचा समुद्र पाहायला गेलो, पण आपले नाते पूर्वेच्या समुद्राशी आहे.

आणि तेथेही, गोदावरीच्या मुखाशी, काकिनाड्याजवळ कोरिंगाचे मोठे कांदळवन आहे. ते १९७८ पासून अभयारण्य आहे. नदी जो गाळ घेऊन जाते त्यावरच अशी वने उभी राहतात. त्या गाळात आपल्या वावरातली काळी मातीही थोडीफार असणार. आपण बांध घालून माती अडवली तर ती आपल्याला उपयोगी. आपण नाल्यात औषधाचे रिकामे डबे फेकले तर ते विषही त्याच वाटेने जाणार. घाटंजीचा शेतकरी आणि काकिनाड्याचा मच्छीमार एकमेकांना कधी भेटणार नाहीत, पण एकाच पाण्याचे शेजारी आहेत. शेजारी कोण, हा प्रश्न शुभवर्तमानात एका शास्त्र्याने विचारला होता. त्याचे उत्तर नदीच्या नकाशावरही शोधता येते.

६. पाहणे हीच सुरुवात

सेमिनरीत आम्ही तत्त्वज्ञान शिकलो तेव्हा ॲरिस्टॉटल म्हणजे तर्कशास्त्राचा रूक्ष गुरू वाटे. पुढे कळले, की हा माणूस लेस्बॉस बेटावर राहून तेथील खाडीतले मासे, माकूळ, शिंपले निरखत असे. त्याचा सोबती थिओफ्रास्टस याने वनस्पतींवर ग्रंथ लिहिला. त्यात इराणच्या आखातातील, भरतीच्या पाण्यात उभ्या राहणाऱ्या झाडांचे वर्णन आहे. अलेक्झांडरच्या मोहिमेवर गेलेल्या लोकांनी ती पाहून बातमी आणली होती. आमच्या मुलांना ऐरोलीत वाटले ते नवल त्या परक्या लोकांना २,३०० वर्षांपूर्वी वाटले होते.

संत थॉमस अक्वायनस यांची शिकवण अशी, की माणसाचे ज्ञान इंद्रियांपासून सुरू होते. बोट लावून चाखलेले मीठ आणि चिखलात पाहिलेला ठसा यांच्यानंतरच विचार येतो. आम्ही गाडीत उलटे केले होते. विचार आधी दिला, पाहणे नंतर ठेवले.

७. नेणाऱ्यांसाठी चार गोष्टी

आता एक कबुली. जाताना एका मोठ्या रेल्वे स्थानकावर गाडी बदलायची होती. गर्दी होती. आम्ही मोठ्याने विचारले, "सगळे आले का?" सगळे ओरडले, "हो!" आम्ही चालू लागलो. पुलावर चढल्यावर सिस्टरांनी मोजले तर ३०. दोन मुले नव्हती. पुढची सात-आठ मिनिटे कशी गेली ते सांगत नाही. एका मुलाच्या चपलेचा पट्टा तुटला होता आणि तो फलाटावरच थांबला होता. पण त्याचा जोडीदार त्याला सोडून गेला नव्हता. दोघे उतरलेल्या जागीच उभे होते. चूक पूर्णपणे आमची. त्यातून पुढील नियम पक्के झाले.

पहिला: "सगळे आले का?" ही मोजणी नव्हे. जे आले नाहीत ते उत्तर देऊ शकत नाहीत. प्रत्येक वेळी चढताना, उतरताना, निघताना माणशी मोजावे, आणि दोघांनी वेगवेगळे मोजावे.

दुसरा: प्रत्येक मुलाला एक जोडीदार द्यावा. एक थांबला तर दुसऱ्याने थांबायचे. चुकलात तर शोधत फिरायचे नाही, आहात तेथेच उभे राहायचे. आमच्या मुलांनी हा नियम पाळला, आम्ही आमचा पाळला नाही.

तिसरा: पालकांची लेखी परवानगी, मुलाचा रक्तगट, नेहमीची औषधे आणि पालकांचा फोन नंबर एका वहीत असावा. मुली असतील तर सोबत स्त्रिया असाव्यात. रानात वाटाड्याचा शब्द अखेरचा मानावा, फादरचा नव्हे.

चौथा: रानातून काही आणू नये आणि तेथे काही टाकू नये. मोबाईल एकाच मोठ्या माणसाकडे असावा. दहा मिनिटे सर्वांनी गप्प बसून ऐकावे. टिपेश्वरला या दहा मिनिटांत मुलांनी अकरा वेगवेगळे आवाज मोजले. ऐरोलीत त्यांनी सहाच मोजले आणि त्यांतले दोन विमानांचे होते.

८. आता पुढे

पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली 'लाउदातो सी' या परिपत्रकात पृथ्वीचा आक्रोश आणि गरिबांचा आक्रोश वेगळे करू नका, असे शिकवले. ते परिपत्रक आम्ही वाचले होते, त्यावर बोललोही होतो. त्याचा अर्थ मात्र सातवीतल्या एका मुलीने बोटीवर सांगितला.

पावसाळ्यापूर्वी आपण धर्मग्रामातील कुटुंबांसाठी एक बैठक घेणार आहोत. वन्यप्राण्यांनी पिकाचे किंवा जनावराचे नुकसान केल्यास अर्ज कसा करायचा, कोणते कागद लागतात, याची माहिती वनविभागाच्या कर्मचाऱ्यांकडून घेऊ. ज्यांचे अर्ज अडकले आहेत त्यांनी कागद घेऊन यावेत. मोठ्या मुलांनी अर्ज लिहून देण्यास मदत करायची आहे. सहलीचा गृहपाठ तोच.

घरी चर्चेसाठी प्रश्न

१) आपल्या घराजवळचा नाला कोणत्या नदीला मिळतो? त्यात आपण काय टाकतो?

२) आपल्या वावरातील कोणत्या पाच झाडांची नावे मुलांना सांगता येतात? सागाने पाने का गाळली, हे त्यांना विचारा.

३) रान राखण्याचा भार आपल्या गावात सध्या कोण उचलतो? तो वाटून घेण्यासाठी आपले कुटुंब काय करू शकेल?

४) लहान मुलाने विचारलेल्या एखाद्या प्रश्नाला आपण घाईने उत्तर दिले होते का? तो प्रश्न त्याला पुन्हा विचारायला सांगा, आणि या वेळी पूर्ण ऐका.

आपला,
धर्मगुरू